वाळवंटातल्या रेडिओची खंडेनवमी

अमेरिकेहून परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, धबधबा पाहिला का? नाही पाहिला. मग तो मोठा पुतळा? तोही नाही. मग सहा महिने केलं तरी काय? मी म्हटलं, एक रेडिओ पाहिला. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय बदलून माझ्या लेकीची चौकशी सुरू केली. पण तो रेडिओ पाहायला जाताना जे जे झालं ते कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. काकूंनी ऐकलं नाही, निदान तुम्ही तरी ऐका.

आधी आमच्या वरातीची ओळख करून देते. मी मंगला. नागपूरच्या विमानतळावर रेडिओच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली. कानाला हेडफोन लावून विमानांचे रेडिओ दुरुस्त करायचे, हे काम. त्यात माझा डावा कान माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला आणि उजवा हल्ली अर्ध्या दिवसाची हजेरी लावतो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. रेडिओवाल्या बाईला ऐकू येत नाही म्हणजे हलवायाला मधुमेह झाल्यासारखं, लोक हसतात. त्यामुळे समोरचं माणूस बोलायचं थांबलं की मी ‘हो ना’ म्हणते. शंभरातल्या नव्वद ठिकाणी ते चालून जातं.

दुसऱ्या आमच्या विहीणबाई, नलिनीताई. त्या मिरजेच्या. वडील तंबोरे बनवायचे आणि यांनी आयुष्यभर मुलींना गाणं शिकवलं. आम्ही दोघी एकाच वेळी अमेरिकेत कशा, तर लेकीनं नवऱ्याला न सांगता मला बोलावलं, जावयानं बायकोला न सांगता आपल्या आईला. दोघांनाही एकमेकांना सरप्राइज द्यायचं होतं. तीन दिवसांच्या अंतरानं आम्ही दोघी ॲरिझोनातल्या चँडलरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आपापली लोणची घेऊन हजर झालो.

नलिनीताईंचं आणि माझं भांडण कधीच झालं नाही, पण एक गोष्ट मला सलत होती. त्या कायम माझ्या उजव्या हाताला बसायच्या. जेवणाच्या टेबलाशी उजवीकडे, सोफ्यावर उजवीकडे, गाडीत उजवीकडे. मी आधी जाऊन उजव्या टोकाला बसले तर ‘जरा सरकता का?’ म्हणून मला सरकवायच्या. लग्नात वरमाईचा मान घेतला तो घेतला, आता पाच वर्षं झाली तरी उजवी बाजू सोडवत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायची. लेकीला एकदा बोललेही. ती म्हणाली, “आई, ही अमेरिका आहे. इथे कुणी राइट साइडचा मान घेत नाही.” लेकीला काय कळतंय.

चँडलर, गुरुवार

लेकीला म्हणजे मुग्धाला इंटरनेटवर एक छोटं म्युझियम सापडलं. दक्षिणेला वाळवंटात, जुन्या विमानांचं. तिथे एका विमानाचा दिशा शोधणारा रेडिओ होता. लांब पल्ल्याची उड्डाणं नवीन होती तेव्हाचा, म्हणजे माझ्याही जन्माआधीचा. मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या मास्तरांनी फळ्यावर त्याची आकृती काढली होती. प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता.

तो चालतो कसा ते सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. विमानाच्या पाठीवर तारेचं एक मोठं कडं असायचं. खाली समुद्रच समुद्र, वाट विचारायला कुणी नाही. तर विमानातला माणूस हेडफोन लावून किनाऱ्यावरचं एखादं रेडिओ स्टेशन पकडायचा आणि हातानं कडं फिरवायचा. फिरवता फिरवता एका जागी आवाज पार मरतो. त्या क्षणी कड्यातून डोकावून बघितलं की समोर स्टेशन. म्हणजे जिथे आवाज मोठा तिथे नाही, जिथे शांतता तिथे. गोम एवढीच, की कड्याला दोन तोंडं असतात. स्टेशन या तोंडाकडे की त्या, ते कडं सांगत नाही. एवढ्या भरवशावर माणसं महासागर ओलांडायला निघत होती, आणि काही पोचलीही.

म्युझियममधला तो संच वॉल्टर नावाच्या आजोबांनी दोन वर्षं खपून दुरुस्त केला होता. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी विमानात रेडिओ ऑपरेटर. मी म्युझियमला माझी ओळख लिहून कळवलं, तर उत्तर त्यांचंच आलं. ते इमेल सगळी मोठ्या अक्षरांत लिहीत, बहिऱ्या माणसाला ओरडून बोलायची सवय लागते तशी. आणि ते खरंच ठार बहिरे होते. त्यांच्यासाठी कडं कुठेही फिरवलं तरी शांतताच होती. म्युझियमच्या समितीनं त्यांना निर्वाणीचं सांगितलं होतं: शनिवारी दुपारी आमच्यासमोर संचानं फिनिक्सच्या स्टेशनची दिशा पाच अंशांच्या आत दाखवली तर तो चालू ठेवू. नाही तर आतलं सगळं काढायचं आणि रिकामं खोकं काचेत ठेवायचं. वॉल्टरना कान हवे होते. त्यांनी मला विचारलं, तुमचे कान कसे आहेत? मी उत्तर पाठवलं, एकदम उत्तम. का पाठवलं ते देव जाणे.

शनिवारी खंडेनवमी होती. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मीटरपासून सोल्डरिंग आयर्नपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं. मग सत्तर वर्षांच्या त्या बुजुर्ग रेडिओला उघड्या कपाळानं परीक्षेला कसं बसवायचं? झेंडू चँडलरमधल्या मेक्सिकन दुकानात ढिगानं मिळाला, त्यांचाही पितरांचा सण तोंडावर होता. दुकानातल्या बाईनं हळू आवाजात विचारलं, तुमच्याकडे कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, रेडिओसाठी आहे. तिनं दोन फुलं जास्तीची घातली.

“म्युझियममध्ये पूजा अलाउड नसेल, आई,” आमचे जावई, केदार म्हणाले. ते आम्हा दोघींनाही आई म्हणतात, त्यामुळे दोघींनी एकदम वळून पाहिलं. मुग्धा कामामुळे येणार नव्हती. तिनं नवऱ्याला सांगितलं, “तू फक्त ड्राइव्ह कर. बाकी त्या बघतील.”

वाटेत, शुक्रवार

पुढच्या सीटवर एकीला बसवलं तर दुसरीचा अपमान, म्हणून पुढे धपाटे, नारळ आणि झेंडूची पिशवी बसली आणि आम्ही दोघी मागे. नलिनीताई उजवीकडे, हे सांगायला नकोच. केदारनं काचेला नवंकोरं जीपीएस चिकटवलं होतं. त्यातली बाई अतिशय सभ्य आवाजात हुकूम सोडायची. मला तिचा एक शब्द कळत नव्हता, पण नलिनीताई माझ्यासाठी सगळं मोठ्यानं पुन्हा सांगत होत्या. मला वाटलं, बोलायची हौस.

वाळवंट म्हटल्यावर मी वाळूची अपेक्षा केली होती. वाळू कुठेच नाही. दगड, काटे आणि हात वर करून उभे असलेले निवडुंग, झाडाझडती चालू असल्यासारखे. दोन तास झाल्यावर जीपीएसबाईनं आम्हाला डांबरी रस्त्यावरून कच्च्या रस्त्यावर घेतलं. चार वळणं घेऊन एका आडव्या रस्त्याच्या फाट्याशी आणून सोडलं आणि नंतर ती बोलेना. केदारच्या फोनलाही रेंज नाही. कागदी नकाशा? तो घरी, जीपीएसच्या खोक्यात.

अशा प्रसंगासाठीच मी चौतीस वर्षं पगार घेतला होता. पिशवीतून माझा ट्रान्झिस्टर काढला. त्याच्या पोटात एक काळी कांडी असते, ती म्हणजे कड्याची धाकटी बहीणच. फिनिक्सचं स्टेशन लावलं आणि भर बारा वाजता, गुडघाभर धुळीत, ट्रान्झिस्टर उजव्या कानाशी धरून मी स्वतःभोवती फिरू लागले. केदार गाडीच्या टपाशी फोन उंच धरून उभे. नलिनीताई माझ्याजवळ आल्या आणि हात करून काहीतरी बोलल्या. मी ‘हो ना’ म्हटलं. आवाज मेला. ट्रान्झिस्टरची कड त्या आडव्या रस्त्याच्या रेषेत होती. म्हणजे फिनिक्स याच रस्त्यावर, या टोकाला नाहीतर त्या. म्युझियम मागे राहिलंय, फिनिक्सच्या बाजूला जायचं, एवढं केदारला पक्कं ठाऊक होतं. मी जरा विचार केला आणि त्यांना एक टोक दाखवलं. नलिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. व्याह्यांच्या चुका चारचौघांत काढायच्या नसतात, ही मिरजेची रीत.

पाऊण तास गेल्यावर सरहद्दीवरच्या गस्तीची एक जीप आडवी आली. त्यातला जवान उतरला आणि आम्हाला म्हणाला, तसंच पुढे गेला असतात तर थोड्या वेळात मेक्सिको. तो फार अदबीनं वागला, पण गाडीत त्याला दिसलं ते असं: कागदपत्रं हातात घेऊन घामाघूम झालेला एक इंजिनिअर, नऊवार लांब झेंडूची माळ, वायर लोंबणारा ट्रान्झिस्टर, कागदाच्या पुडीत लाल आणि पिवळी पूड, आणि एक नारळ. तुम्ही कुठे निघालात, असं त्यानं विचारल्यावर केदार म्हणाले, रेडिओच्या पूजेला. दुसरं काय सांगणार? जवानानं नारळ उचलला आणि उगाचच उलटसुलट केला. तेव्हा नलिनीताई खाली उतरल्या, त्याच्या हातातून नारळ घेतला, त्याच्या कानाशी नेऊन हलवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, पाण्याचा आवाज भरीव येतोय, म्हणजे चांगला आहे. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली आणि आम्हाला म्युझियमच्या गावापर्यंत पुढे जीप घालून सोडलं.

मोटेलच्या खोलीत धपाटे खाताना मी नलिनीताईंना म्हटलं, तुम्ही ऐन वेळी बोललात म्हणून माझं लक्ष उडालं. त्या म्हणाल्या, असेल. आणि त्यांनी मला दही वाढलं.

म्युझियम, शनिवार

म्युझियम म्हणजे पत्र्याची एक प्रचंड शेड. दारातच ब्रेंडाबाई भेटल्या. हातात पॅड, गळ्यात चष्मा, आणि नियम सगळे तोंडपाठ. वस्तूंना हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालून. वॉल्टर त्यांच्या मागे उभे होते, उंच आणि वाकलेले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मग आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली, माझ्या कानाकडे बोट दाखवलं आणि हसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रेडिओ एका ट्रॉलीवर होता. पितळी काटे, काळ्या मुठी आणि वर ते कडं, पुरणपोळीच्या तव्यापेक्षा थोडं मोठं. खाली अंशांच्या खुणा कोरलेली तबकडी. माझे डोळे भरून आले हे मी लपवत नाही. फळ्यावरची आकृती चाळीस वर्षांनी समोर उभी होती.

मी हातमोजे घालून त्याला हळदकुंकू लावलं आणि कड्यावर झेंडूची माळ चढवली. ब्रेंडाबाई फोनवरून परत आल्या तर माझ्या मोज्याची बोटं लाल. त्यांनी तत्काळ अपघाताचा फॉर्म काढला. केदारनं समजावलं, हे रक्त नाही, पूजा आहे. फॉर्मवर पूजेचा रकाना नव्हता. शेवटी ‘इजा: नाही, कारण: पूजा’ असं लिहून त्यांनी माझी सही घेतली. नारळ फोडायला अर्थातच परवानगी नव्हती. तो अखंड ठेवला, तर बाहेरून आलेली वस्तू नोंदीशिवाय ठेवता येत नाही म्हणून त्यांनी त्याला नंबर दिला आणि पुढे लिहिलं, ‘नारळ एक, उसनवार’. तो तिथे अजून असणार.

खरी अडचण पुढेच होती. पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ स्टेशन कुठून लागणार? वॉल्टर दोन वर्षं सांगत होते, संच बाहेर न्या. पण वस्तू इमारतीबाहेर न्यायची नाही असा नियम, आणि दाराशी त्यासाठी पिवळी रेघ मारलेली. समितीचे तिघं साडेअकराला आले. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी नकाशावर मोजून खरा कोन एका चिठ्ठीवर लिहिला होता आणि ती घडी करून खिशात ठेवली होती. रेघेवर चर्चा सुरू झाली. पाऊण तास झाला तरी संपेना. नलिनीताईंनी घड्याळ पाहिलं आणि केदारला म्हणाल्या, भारतात बारा वाजून गेले, दसरा लागला, आता सीमोल्लंघन करायचं सोडून ही माणसं बोलत काय बसलीत? तिथी सूर्योदयाला बदलते असं मी सांगणार होते, पण ती वेळ नव्हती. केदारनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. समितीला त्यातलं काही कळलं नसावं, पण दंतवैद्य म्हणाले, मागची चाकं आत राहिली तर वस्तू आतच आहे असं धरू. ब्रेंडाबाईंनी टेप लावून मोजलं. ट्रॉलीची पुढची चाकं रेघ ओलांडून उन्हात गेली, कडं माळेसकट उघड्या आभाळाखाली आलं.

मी हेडफोन चढवला. वॉल्टरनी मुठी फिरवल्या, काटा थरथरला आणि लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं, कुणीतरी गाऊ लागलं. मी कडं फिरवलं. आवाज हळूहळू गेला. आणखी फिरवलं, नाहीच. आणखी फिरवलं, तरी नाही. बऱ्याच वेळानं परत आला. इतकी रुंद शांतता असत नाही. ती सुईच्या टोकाएवढी असायला हवी. ही शांतता स्टेशनची नव्हती, माझी होती.

तीन वेळा घ्यायचं ठरलं होतं. मी पहिल्यांदा तीनशे म्हटलं, मग तीनशे पंचेचाळीस, मग तीनशे पंधरा. दंतवैद्यांनी चिठ्ठी बाहेरही काढली नाही. वॉल्टर तबकडीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मला इथे लिहवत नाही. त्या माणसाची दोन वर्षं माझ्या एका खोट्या वाक्यावर उभी होती. चारचौघांत, जावयासमोर, विहिणीसमोर खरं बोलायचं की हेडफोन खराब आहे म्हणायचं, एवढाच प्रश्न होता. दुसरं सोपं होतं. मी हेडफोन काढला आणि नलिनीताईंकडे वळले.

“मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐका.”

त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पदर खोचून पुढे आल्या, हेडफोन लावला, डोळे मिटले. मी त्यांच्या कानाशी सांगितलं, आवाज मरतो ती जागा हवी. त्यांनी मान डोलावली. तंबोऱ्याची खुंटी पिळतात तशा दोन बोटांनी त्यांनी कडं फिरवलं, पुढे गेल्या, मागे आल्या, आणि थांबल्या. तीनशे अठ्ठावीस. पुन्हा सगळं विस्कटून पहिल्यापासून. तीनशे सत्तावीस. पुन्हा. तीनशे अठ्ठावीस. त्या तीन वेळा सबंध शेडमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही, आणि नलिनीताई सलग दहा मिनिटं गप्प असलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

दंतवैद्यांनी चिठ्ठी उघडली. तीनशे एकोणतीस. पण ते पडले चिकित्सक. म्हणाले, कड्याला दोन तोंडं आहेत, स्टेशन याच बाजूला कशावरून, पाठीमागे मेक्सिकोत कशावरून नाही? केदारनं भाषांतर करायच्या आधीच नलिनीताईंनी हेडफोन किंचित उचलून इंग्रजीत उत्तर दिलं. गाणं संपलंय आणि फिनिक्सच्या ट्रॅफिकच्या बातम्या लागल्यात. मेक्सिकोला त्याचं काय करायचंय?

समितीनं तिथेच ठरवलं, संच चालू राहणार. महिन्यातून एकदा, पुढची चाकं रेघेबाहेर आणि मागची आत. वॉल्टरना ते पाटीवर लिहून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग ते माझ्याकडे आले, आपल्या कानाला बोट लावलं, माझ्या कानाला लावलं, आणि या खेपेला मान हलवून दोघांच्याही कानांची बेरीज शून्य अशी खूण केली. आम्ही दोघं खूप हसलो.

परत

गाडीशी आलो. मी मुकाट्यानं डाव्या दाराकडे निघाले. नलिनीताई नेहमीप्रमाणे उजवीकडे. आत बसल्यावर मी त्यांना म्हटलं की माझ्या कानाचं मी इतके महिने लपवलं, तुम्हाला राग आला असेल. त्या रुमालानं चष्मा पुसत होत्या.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डावीकडून बोललं की तुम्ही ‘हो ना’ म्हणता, उजवीकडून बोललं की उत्तर देता. म्हणून मी उजवीकडे बसते. काल त्या फाट्यावर तेवढी चुकून डाव्या बाजूला उभी राहिले. सावली दाखवून सांगत होते, उत्तर दिशा तिकडे आहे. तुम्ही ‘हो ना’ म्हणालात आणि केदारला उलटं टोक दाखवलंत.”

पाच महिने मी या बाईच्या मानपानाचा हिशेब मनात मांडत होते. मला माझीच लाज वाटली, आणि रडू आलं ते तिथेच, पुढच्या सीटवरच्या उरलेल्या धपाट्यांच्या साक्षीनं, आलं. केदार आरशातून पाहत होते. त्यांनी जीपीएस काढून डिकीत ठेवलं.

चँडलर येईपर्यंत अडीच तास नलिनीताई बोलत होत्या. त्यांच्या वडिलांबद्दल, तंबोऱ्याच्या भोपळ्यांबद्दल, केदार लहानपणी किती हट्टी होता त्याबद्दल. त्यातलं बरंचसं त्यांनी मला आधीही सांगितलेलं असणार. मी जरा त्यांच्याकडे सरकून बसले, आणि दर वेळी आधी ऐकलं, मगच ‘हो ना’ म्हटलं.